नाव अर्धं घ्या

नगर, ६ जुलै २०२५

रुपाताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलंच असशील, की हे ओम्याचं आहे. पत्ता आईनं दिला. अप्पा पोलवर चढले होते, तेवढ्यात तिनं फोनवर कुजबुजत सांगितला. वायरमनच्या बायकोला एवढं एक बरं असतं, नवरा वर असला की खाली दोन शब्द बोलून घेता येतात.

फोन का केला नाही हे तुला सांगायला नको. मी अडकलो की पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि रेंज नाही समजून ठेवून देतो. कागदावर मी अडकत नाही. तू सुनीलदाजींबरोबर निघून गेलीस त्याचा राग अजून थोडा आहे. त्या संध्याकाळी अप्पांनी मला विचारलं होतं, ‘कुठं गेली ती?’ मला खरंच माहीत नव्हतं. पण ‘माहीत’मधला ‘मा’ निघेना, आणि त्यांना वाटलं मी लपवतोय. पुढचं तू ओळख. ते सांगायला हे पत्र नाही.

मला नोकरी लागली. नगरलाच, सावेडीत, जाहिरात एजन्सीत डिझायनर म्हणून. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स नाहीत हां! पुण्याच्या तोडीचं ऑफिस आहे. पिवळ्या भिंती, जमिनीवर बसायला मोठाल्या गाद्या. मालकाला सर म्हटलेलं चालत नाही. हर्षलदादा म्हणायचं. तो मुंबईत मोठ्या एजन्सीत होता, मग इथं येऊन त्यानं स्वतःची काढली. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘ओमकार, इथं कुणी साहेब नाही, कुणी नोकर नाही. हे घर आहे.’

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे ‘सोलणी’ असते. एकाला मधल्या खुर्चीत बसवायचं आणि बाकीच्यांनी त्याला मक्याच्या कणसासारखं सोलायचं. त्याचं दिसणं, चालणं, गाव, घर, काहीही. हर्षलदादा म्हणतो, कातडी जाड झाल्याशिवाय डोकं धारदार होत नाही. माझा नंबर पहिल्याच आठवड्यात लागला. मजा आली.

अर्शी म्हणून एक मुलगी आहे, मुकुंदनगरची. जाहिरातींचा मजकूर तीच लिहिते. तिची सोलणी झाली तेव्हा ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली आणि सगळ्यांबरोबर हसली. इथं हसावंच लागतं. म्हणजे हसू येतंच.

तू बरी आहेस ना? तुला मुलगी आहे एवढंच आईकडून कळलं. नाव काय ठेवलं तेही मला माहीत नाही.

तुझा,
ओंकार

(ऑफिसात सगळे ओमकार लिहितात. मी दुरुस्त करत नाही.)


नगर, २७ जुलै २०२५

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी लिहितो.

मोठी बातमी आहे. मी एका जाहिरातीत झळकणार आहे! राधाकृष्ण शेठ म्हणून कोपरगावकडचे एक व्यापारी आहेत, त्यांनी पशुखाद्य काढलंय. नाव ‘पान्हा’. पोत्याचं डिझाइन मी केलं, म्हशीचा नुसता एक डोळा, काळाभोर, पाणीदार. शेठना दाखवायची वेळ आली तेव्हा हर्षलदादा म्हणाला, ‘ज्यानं केलं तोच सांगेल.’ एरवी क्लायंटपुढे अर्शी बोलते. माझा काय मान बघ.

मी उभा राहिलो आणि ‘पान्हा’वर अडकलो. ‘पा’ झाला, पुढचं येईना. शेठ आधी मदत करायला लागले. ‘पाणी हवंय का? पंखा लावू?’ मग त्यांना हसू फुटलं. एवढं हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हर्षलदादानं टेबलावर थाप मारली. ‘शेठ, हीच आपली जाहिरात!’

एक शेतकरी दुकानात येतो. ‘पा… पा… पा…’ करतो. दुकानदार पाणी आणतो, पावडर आणतो, पाटी आणतो. शेवटी बाहेर बांधलेली म्हैसच हंबरते आणि दुकानदाराला कळतं. मग मोठ्या आवाजात: ‘पान्हा पशुखाद्य! नाव अर्धं घ्या, दूध भरून घ्या!’ ही ओळ अर्शीनं तिथल्या तिथे लिहिली. खाली मान घालून लिहिली.

शेतकरी मी. टोपी, उपरणं, सगळं. मला विचारलं, हरकत नाही ना? मी आनंदानं हो म्हटलं.

ओंकार


खर्डा, ३१ ऑगस्ट २०२५

ताई,

गावी आलोय. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं, ते आधी सांगतो.

मी हो म्हटलं नव्हतं. हर्षलदादानं सगळ्यांसमोर विचारलं, ‘हरकत नाही ना?’ मला म्हणायचं होतं, ‘आहे.’ एवढाच शब्द. पण ‘आ’ निघाला आणि तिथंच थांबला. मी ‘आ… आ…’ करत राहिलो. शेठ बघतायत, सगळे बघतायत. हर्षलदादानं टाळी वाजवली, ‘आनंदानं! ऐकलंत? आनंदानं म्हणतोय. ठरलं!’ सगळे हसले. मीही हसलो, ताई. त्या खोलीत दुसरं काही करता येत नाही.

आणि मजा आली असं जे लिहिलं होतं तेही. माझ्या सोलणीत खेळ असा होता, की मी वाक्य सुरू करायचं आणि अडकलो की त्यांनी ते पुरं करायचं. सगळ्यात घाण पुरं करणारा जिंकला.

जाहिरात पोळ्याच्या तोंडावर बाहेर पडली. रेडिओवर लागली, मोबाईलवर लागली, टेम्पोवर कर्णे बांधून बाजाराच्या गावांत फिरवली. ती खर्ड्यालाही आली. मी नव्हतो. आईनं काल सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

‘आरं, मी वांगी घेत हुते. तुजा आवाज आला. तू अडकल्याला. मला वाटलं पोरगं आलंय आन् कुनाम्होरं तरी अडकलंय. पिशवी टाकली आन् पळाले. म्हनलं, ओम्या, थांब, आले मी. बगते तर टेम्पो. त्यात मानूसच न्हाई. नुसता करना. आन् समदा बाजार हसतोय. मग मला वळखलं कुनीतरी. म्हनलं, ही बगा, पापाची आई.’

ती वांगी गोळा करायला परत गेली नाही. आता बाजाराला अप्पा जातात.

अप्पा जेवताना फक्त म्हणाले, ‘जगात दुसरं कुनी मिळालं न्हाई व्हय त्यांना?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते ताट घेऊन उठले.

ओंकार


नगर, २६ ऑक्टोबर २०२५

ताई,

दिवाळी झाली. तुझ्याकडून काही नाही. तरी लिहितोय, कारण हे कुणालातरी सांगायलाच हवं आणि अर्शीशिवाय इथं मी कुणाला सांगू? ती समोर होती, तिला ठाऊकच आहे.

शिर्डीला एका हॉटेलात शेठनं विक्रेत्यांचा मेळावा ठेवला होता. सहकुटुंब, आधी बाबांचं दर्शन, मग जेवण, मग कार्यक्रम. मला टोपी-उपरण्यात स्टेजवर बोलावलं. निवेदक म्हणाला, ‘आले आले, तुमचे लाडके पापा!’ बायकापोरं उभी राहिली. सगळं सभागृह ‘पा-पा-पा’ करायला लागलं.

माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, ‘पान्हा.’

ताई, तो शब्द सरळ निघाला. मलाच धक्का बसला. रेकॉर्डिंगला, शूटिंगला, मग गल्लीत, बसमध्ये, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्यानं तो शब्द माझ्याकडून एवढ्या वेळा वदवून घेतलाय, की तो घासून घासून गुळगुळीत झालाय. बाकीचे शब्द तसेच अडतात. तो एकच अडत नाही. मी पुन्हा म्हणालो, ‘पान्हा पशुखाद्य.’ पुन्हा सरळ. मला एवढा आनंद झाला, की क्षणभर मी कुठं उभा आहे तेच विसरलो. मला वाटलं टाळ्या पडतील.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘हा तो न्हाई! डुप्लिकेट आणलाय!’

पडद्याआडून हर्षलदादा दात खात म्हणाला, ‘अडक. अरे अडक ना!’

मी अडकलो. खोटा अडकलो. आयुष्यभर जे लपवायला धडपडलो ते ढोंग करून केलं. ‘पा… पा… पा…’ मान वाकडी केली, डोळे मिटले, रेकॉर्डिंगला शिकवलं होतं तसंच. छप्पर उडेल एवढा हशा झाला. शेठनं हार घातला.

मग निवेदक म्हणाला, दोन शब्द बोला. मला ‘धन्यवाद’ म्हणायचं होतं. त्यावर मी खरा अडकलो. चांगला लांब अडकलो. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

परतीच्या गाडीत हर्षलदादानं मला पुढच्या सीटवर बसवलं. म्हणाला, ‘घाबरवलंस लेका. बरा झालास की काय असं वाटलं.’

ओंकार


नगर, १७ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल तुझा फोन आला. नंबर अनोळखी होता, उचलला, आणि तू म्हणालीस, ‘ओम्या, बोलू नकोस. नुसतं ऐक.’ इतक्या वर्षांनी तुझा आवाज, आणि मला बोलायची मनाई. बरं झालं. मला बोलता आलंच नसतं.

संस्कृती. चांगलं नाव आहे. पहिलीत आहे हेही कळलं. आणि ती माझ्यासारखीच अडकते, हेही.

तू शांतपणे सांगत होतीस म्हणून ते जास्त लागलं. पोळ्यानंतर तिच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाईलवर मी पोचलो. पार तुमच्या वाळूजपर्यंत. तिचं नाव ‘पापा’ पडलं. हजेरी घेताना बाईसुद्धा हसून म्हणाल्या, ‘काय गं, पा-पा?’ तेव्हापासून ती शाळेत बोलत नाही. आता घरीही नाही. मान हलवते, बोट दाखवते. पाणी हवं असलं तर पेला आणून पुढे धरते. तू म्हणालीस, ‘अडकत होती ती बरी होती रे. आवाज तरी येत होता.’

माझी पत्रं तुला सगळी मिळाली होती. उत्तर का दिलं नाहीस तेही तू सांगितलंस. घरात बाहेरून माझा आवाज आला की ती कानांवर उशी धरायची, आणि मी तुला शिर्डीच्या टाळ्या कळवत होतो. शेवटी तू एवढंच म्हणालीस, ‘ते बंद कर.’

आज मी हर्षलदादाकडे गेलो. बोलण्यात वेळ जायला नको म्हणून लिहून नेलं होतं. भाचीचं सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, जाहिरात मागे घ्या. त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. त्याचा चेहरा गंभीर झाला, मला वाटलं कुठेतरी पोचलं.

‘सहा वर्षांची?’ तो म्हणाला. ‘दिसते कशी?’

मला कळेना.

‘ओमकार, मामा-भाची! भाग दोन! मामा दुकानात अडकतो, भाची मदतीला येते, तीही अडकते. शेठ वेडा होईल. अरे, आणि पोरीला केवढा कॉन्फिडन्स येईल! ज्या पोरांनी चिडवलं तीच सह्या मागतील. बहिणीचा नंबर दे, मी समजावतो तिला.’

मी ‘नाही’ म्हणायला लागलो. ‘ना’वर अडकलो. तो थांबला नाही, त्यानं मजकुरासाठी अर्शीला हाक मारली. अर्शी आली, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘दादा, तो नाही म्हणतोय.’

‘तुला काय माहीत तो काय म्हणतोय?’ हर्षलदादा म्हणाला. ‘तू त्याची बायको आहेस का?’ पलीकडच्या गाद्यांवरून हसू आलं.

नंबर मी दिला नाही. तेवढं तरी केलं.

ओंकार


नगर, १४ डिसेंबर २०२५

ताई,

नोकरी सोडली. ते नंतर सांगतो. आधी शेठचं.

हर्षलदादा ऐकणार नाही हे कळल्यावर मी सरळ कोपरगावची एसटी धरली. म्हटलं, जाहिरात शेठच्या पैशानं चालते, त्यांनी सांगितलं तर एका फोनवर बंद होईल. शेठ माणूस वाईट नाहीत. त्यांनी पेढीवर आत बसवलं, चहा मागवला. मी लिहून नेलं नव्हतं. मला वाटलं, तोंडानं सांगितलं तर त्यांना कळेल हा काय प्रकार असतो.

मी सांगितलं. खूप वेळ लागला. ‘भाची’वर अडकलो, ‘शाळा’वर अडकलो, ‘बोलत नाही’वर तर घाम फुटला. शेठ मध्ये एक शब्द बोलले नाहीत. चहा निवला. माझं झालं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसत हसत मुनीमाला हाक मारली.

‘या, या, बघा! कलाकार कसा असतो बघा!’

मी म्हणालो, शेठ, हे खरं आहे.

‘अरे, पुरे आता,’ ते डोळे पुसत म्हणाले. ‘पहिल्या दिवशी मी पण फसलो होतो. पण शिर्डीला स्टेजवर आधी तू खणखणीत बोललास, मी पहिल्याच रांगेत होतो. हर्षल म्हणाला पण, शेठ, पोरगं नटच आहे. आता भाचीची गोष्ट काढलीस. भाग दोनची आहे ना? माझ्या अंगावर काटा आला बघ. घे, पुन्हा एकदा कर, ह्यांच्यासाठी.’

मुनीम चष्मा वर करून वाट बघत होता. मी उठून आलो.

त्या शुक्रवारी सोलणीला मला खुर्चीत बसवलं. शेठनं फोन करून माझं कौतुक केलं होतं आणि हर्षलदादा चिडला होता, की मी त्याच्या पाठीमागे क्लायंट गाठला. विषय होता ‘ओमकारची भाची’. एकेकानं ती कशी बोलत असेल ते करून दाखवायचं. पहिला जो उठला तो माझ्याच टेबलाशेजारी बसतो, माझ्या डब्यातली चटणी खातो. त्यानं आवाज बारीक केला. मी खुर्चीतून उठलो आणि त्याच्या तोंडावर मारलं. हात दुखावला माझाच. मग बॅग घेतली आणि निघालो. जिन्यात मागून हर्षलदादाचा आवाज आला, अगदी प्रेमळ, ‘ओमकार, घरातून असं रागानं जातात का?’

रात्रीपर्यंत त्यानं सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, की ज्यांना विनोद सोसत नाही त्यांनी सृजनाच्या वाटेला जाऊ नये, तरीही ओमकारसाठी दार उघडं आहे. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. अर्शीचेही.

काल अर्शीचा निरोप आला. भाग दोन झाला. नाट्यशिबिरातली एक मुलगी घेतली. ती चुरूचुरू बोलते, अडकणं तिला जमेना. म्हणून तिला माझी रेकॉर्डिंग दाखवली, परत परत, आणि ती बघून बघून शिकली. अर्शीनं पुढे लिहिलं होतं, ‘मजकूर मीच लिहिला. अब्बू घरी बसून आहेत, माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. माफ कर असं म्हणत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच.’

मी तिला उत्तर लिहिलं, की नाव अर्धं घ्या ही ओळ चांगली होती. ते मी चिडून लिहिलं का खरं लिहिलं, मला सांगता येणार नाही.

रविवारी वाळूजला येतो. नको असलं तर कळव.

ओंकार


नगर, २३ डिसेंबर २०२५

ताई,

तू परवा विचारत होतीस, की तू मटण बघायला आत गेलीस तेवढ्या वेळात संस्कृतीचं आणि माझं काय झालं. तुला आवाज आला होता म्हणालीस. मी तेव्हा काही नाही म्हणालो. सांगतो.

ती आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. आल्यापासून दाराआडून बघत होती, ते तू पाहिलंच. आधी माझ्या तोंडाकडे नुसतं बघत राहिली. मग तिनं बोट केलं, माझ्याकडे, आणि मग सुनीलदाजींच्या चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे. तोच तू का, असं. मी मान हलवली.

मग ती बोलली. हो, बोलली. तू इतके दिवस वाट बघत होतीस आणि ते तुझ्या वाट्याला आलं नाही, म्हणून मी त्या दिवशी सांगितलं नाही. ‘मा’वर अडकली, मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले, पण तिनं सोडलं नाही. ‘मा… मा… मामा, तू क-क-कशाला केलंस?’

एवढंच. रागानं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं. हर्षलदादा, शेठ, तो ‘आ’, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी उघड्या तोंडानं तसाच बसलो.

तिला वाटलं मी अडकलोय. ती थांबली. ताई, माझ्यासाठी कुणी असं थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. तिनं शब्द पुरवला नाही, मान हलवून घाई केली नाही, नजरही काढली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्या ओठांकडे बघत, ती नीट वाट बघत राहिली. आत कुकरची शिट्टी झाली, तू बाहेर आलीस, ताटं मांडलीस, आणि तरी ती बघत होती.

मी अडकलो नव्हतो, ताई.

ओंकार